बाराशे फेऱ्यांचं एक युनिट

वॉशिंग मशीन रविवारी मुरगूडला जाणार, हे बुधवारी सकाळी लाईटचं बिल आल्यावर साडेतीन मिनिटांत ठरलं. अक्षतानं घड्याळ लावून मोजलं होतं असं नाही. पण तेवढ्या वेळात मोनाची वाटीभर नाचणीची खीर संपली, आणि मोनाला वाटीभर खिरीला साडेतीन मिनिटं लागतात, हे तिला पाठ होतं. आठ महिन्यांच्या मुलीच्या आईला अशा पुष्कळ निरुपयोगी गोष्टी पाठ असतात.

बिलावर जूनच्या रकान्यात अठ्ठ्याहत्तर युनिटं होती आणि जुलैच्या रकान्यात एकशे एक्केचाळीस. आत्तींनी, म्हणजे अक्षताच्या सासूबाईंनी, चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले, चष्मा काढून पदरानं पुसला, आणि मोरीच्या कडेला उभ्या असलेल्या वॉशिंग मशीनकडं बोट केलं. कोर्टात साक्षीदार आरोपीला ओळखतो तसं.

"ह्येच खातंय."

"आत्ती, मशीन एकटंच थोडं आहे घरात? हीटर आहे, टीव्ही आहे..."

"ती सगळी हुतीच की जूनमदी. हे जुलैत आलं. जुलैत युनिटं वाढली. आता ह्यात काय पंचांग बघायचं हाय?"

या युक्तिवादात खोट काढणं अवघड होतं. अक्षता फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली होती, आणि फर्स्ट क्लास तिचा तीन मार्कांनी हुकला होता. ते तीन मार्क नेमके कुठल्या प्रश्नाला गेले असतील, हा विचार तिच्या मनात लग्नानंतरही महिन्यातनं एकदा येत असे. मशीन तिनं स्वतः घेतलं होतं, बारावीच्या पोरांच्या शिकवण्या करून. पण आत्ता प्रश्न मशीनच्या मानाचा नव्हता. कसबा बावड्यात ऑगस्टातला पाऊस सुरू होता, मोनाला दिवसाला वीस लंगोट लागत होते, आणि हातानं पिळलेला लंगोट दोरीवर दीड दिवस लोंबून शेवटी ओलाच खाली येत होता. तसल्याच दमट कापडानं जूनच्या शेवटी मोनाची छाती भरली होती. त्या आठ दिवसांत लेकीच्या छातीला कान लावून घरघर मोजणं एवढा एकच धंदा अक्षताला होता. मशीन गेलं तर ती घरघर परत येणार, हे तिला लाईट बिलावरच्या आकड्याइतकं स्पष्ट दिसत होतं.

तिचा नवरा कृष्णात साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होता. आई आणि बायको यांच्यामध्ये काही सुरू झालं, की तो चपला शोधायला लागे. आजही त्याला एक चप्पल सापडेना. "आक्काकडं देऊ," तो खाटेखालून म्हणाला. आक्का म्हणजे त्याची मुरगूडची थोरली बहीण. "त्यांच्यात माणसं बी जास्त हाईत. दाजींना फोन करतो कारखान्यातनं. येतील रविवारी टेम्पो घेऊन."

दाजी म्हणजे आक्काचे यजमान हंबीरराव. ते टेम्पो घेऊन येणार म्हणजे येणारच. फुकट वस्तूला त्यांनी आजवर कधी उशीर केलेला नव्हता.

"चार दिवस द्या मला," अक्षता म्हणाली. "घरातली कुठली वस्तू किती वीज खाते, ते मोजून दाखवते. मशीननं खाल्लेलं निघालं, तर मी स्वतः टेम्पोत चढवते."

"मोजून?" आत्ती हसल्या. "लाईट काय जुंधळं हाईत व्हय, मापट्यानं मोजायला?"

मापटं मात्र घरातच होतं. व्हरांड्यातल्या भिंतीवर, लाकडी पेटीत, काचेमागं. दोन वर्षं अक्षता त्या मीटरखालून ये-जा करत होती आणि त्याच्याकडं तिनं कोळिष्टकं काढण्यापुरतंच पाहिलं होतं. आता ती स्टुलावर चढली, काच पदरानं पुसली आणि आत डोकावली. आकड्यांच्या खाली एक पातळ चकती आडवी फिरत होती. चकतीच्या कडेला एक काळी खूण. आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, की चकतीचे बाराशे फेरे म्हणजे एक युनिट.

अक्षताला एकदम बरं वाटलं. ज्याला आपण दर महिन्याला घाबरतो ते युनिट म्हणजे बाराशे फेरे, एवढंच? फेरे मोजता येतात. फेरे मोजण्यात तर आपल्याकडच्या बायकांचा हात कोण धरणार!

मोजताना मोना मध्येच रडणार आणि आकडा चुकणार, हे ओळखून तिनं डब्यातले चिंचोके घेतले. एक फेरा झाला की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. एका कडेवर मोना, समोर मीटर, आणि तोंडानं पुटपुट. गुरुवारी सकाळी शेजारच्या झुंबरबाई दूध घेऊन परत येताना हे दृश्य बघून फाटकातच थांबल्या.

"काय गं, कसली लाखोली वाहालीस? श्रावणातली व्हय?"

"नाही काकू, मीटरचे फेरे मोजतेय."

"नवस बोललीस?"

"वीज किती जाते ते बघतेय."

"आनि समोर बसून बघितल्यावर कमी जाती व्हय?" झुंबरबाईंनी मनापासून विचारलं. फायदा होत असेल तर त्यांचीही बसायची तयारी होती.

रीत सोपी होती. घरातलं सगळं बंद करायचं, एक वस्तू चालू करायची, फेरे मोजायचे. अडचण होती ती एका फ्रीजची. फ्रीज बंद करायचा नाही, हा घरातला नियम होता. दुकानदारानं देताना तसं बजावलं होतं, आणि दुकानदाराचा शब्द आत्तींनी गुरुमंत्रासारखा धरला होता. शिवाय आत मोनाचं औषध. तेव्हा अक्षतानं फ्रीज चालू ठेवूनच हिशेब मांडला. नुसत्या फ्रीजवर दहा मिनिटांत चोवीस फेरे. मग दुसरी वस्तू लावायची आणि येणाऱ्या आकड्यातून चोवीस वजा करायचे. फ्रीजची मोटर थोडा वेळ चालते आणि त्याच्या दुप्पट वेळ विसावा घेते, असं तिनं कॉलेजात वाचलेलं होतं. तसं वहीत लिहून तिनं फ्रीजचा विषय संपवला. ती बघायला जाई तेव्हा प्रत्येक वेळी मोटर नेमकी चालूच असे, हे तिच्या लक्षात आलं होतं; पण तिनं ते स्वतःच्या नशिबावर घातलं. आपण गेल्यावरच रेशनच्या रांगेत रॉकेल संपतं, तसंच हे.

जे मोजलं नाही ते धरून चालणं याला शास्त्रात गृहीतक म्हणतात. संसारात त्याला काय म्हणतात, ते तिला रविवारी कळणार होतं.

पण मोजण्यात मजा होती, हे कबूल केलं पाहिजे. टीव्ही दिसतो केवढा थोरला, गाजतो केवढा, आणि फेरे बघावेत तर ट्यूबलाईटपेक्षा थोडेसेच जास्त. इस्त्री एवढीशी, पण चकती अशी पळाली की काळी खूण दिसेना. आत्तींच्या आंघोळीचा हीटर बादलीत सोडला, तेव्हा तर चिंचोके टाकता टाकता अक्षताचा हात भरून आला आणि वाटी उलटली.

"पान्यात असतंय ते," आत्ती लांबूनच म्हणाल्या. "पान्यात बुडल्यालं काय खानार?"

"आत्ती, मिनिटाला तीस फेरे."

"असूं दे. म्हातारपनी गरम पानी नको व्हय मला?" आत्तींनी विषय तिथंच बुडवला.

देवघरातल्या झिरोच्या लाल दिव्यालाही अक्षतानं सोडलं नाही. तो दिवा दिवसरात्र जळे, आणि त्याला युनिट पडतच नाही, अशी साऱ्या गल्लीची श्रद्धा होती. अक्षतानं दहा मिनिटं फेरे मोजले. चोवीसचे सत्तावीस झाले.

"बघा आत्ती, तीन फेरे जास्त."

"देवाला प्रदक्षिणा घातल्या आसतील," आत्ती म्हणाल्या. "ती वजा कर."

दुपारी मुख्य आरोपीची पाळी आली. मशीनमध्ये दहा लंगोट, चार दुपटी आणि झबली घालून अक्षतानं कळ फिरवली. पंधरा मिनिटं धुणं, पाच मिनिटं पिळणं. वाटीत एकशे अठ्ठ्याऐंशी चिंचोके जमले. फ्रीजचे अठ्ठेचाळीस वजा जाता राहिले एकशे चाळीस. दिवसातनं दोन वेळा मशीन लावलं, तर महिन्याला जेमतेम सात युनिटं. तिनं तीनदा ताळा केला. सातच.

ती वही घेऊन नाचतच स्वयंपाकघरात गेली. आत्ती भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सात तर सात. खातंय न्हवं? चोर कवा कबूल करतोय व्हय, पन्नास आंबं काढलं म्हनून? सातच म्हनतोय."

"पण आत्ती, वाढली त्रेसष्ट. मशीनची सात गेली, तर छप्पन्न युनिटं कोण खातंय?"

आत्तींचा हात परातीत थांबला. पिठाचे हात तसेच धरून त्या म्हणाल्या, "छप्पन्न?" आणि पहिल्यांदाच त्यांनी मशीन सोडून घरातल्या इतर वस्तूंकडं संशयानं पाहिलं. मिक्सरकडं पाहिलं. रेडिओकडं पाहिलं. एकदा तर कृष्णातच्या फोटोकडंही पाहिलं.

आपल्याच घरात छप्पन्न सापडेनात, तेव्हा दुसऱ्यांच्या घरात किती पडतात ते पाहावं, असं अक्षताला वाटलं. इथून खरं तर प्रकरण हाताबाहेर गेलं. कोणाच्या घरात जाऊन त्यांचं लाईट बिल मागणं हे वय विचारण्यापेक्षा नाजूक आहे, हे बी.एस्सी.ला शिकवत नाहीत. कोपऱ्यावरच्या अंबूबाईंना वाटलं, सरकारची काहीतरी योजना आलीय. त्यांनी बिलाबरोबर रेशनकार्ड, दोन फोटो आणि सुनेचा जातीचा दाखला आणून दिला. "नाव तेवढं वर घाल गं पोरी," असं म्हणून एक शेवग्याच्या शेंगांची जुडीही दिली. झुंबरबाईंनी बिल दिलं, पण अटीवर.

"माझा मिक्सर बघून दे तुझ्या चकतीवर. त्यो लई खातोय, असं मला वाटालंय."

मिक्सर आला. अक्षता तो रिकामा फिरवायला लागली, तर झुंबरबाई म्हणाल्या, "रिकाम्या पोटानं कोन काम करतंय? भरून बघ की." आणि पदराआडनं त्यांनी दोन वाट्या खोबरं, लसणाचे चार गड्डे आणि भाजलेले तीळ काढले. महिन्याची चटणी वाटून झाली. पाठोपाठ इस्त्री आली, आणि इस्त्रीबरोबर झुंबरबाईंच्या दोन मुलांचे शाळेचे गणवेश, यजमानांचे पाच शर्ट आणि एक पलंगपोस. "नुस्ती तापवून काय कळतंय?" हा त्यांचा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर होता, त्यामुळं अक्षताला तो खोडताही येईना. ही बातमी गल्लीत पोचली. शुक्रवारी सकाळपर्यंत अक्षताच्या व्हरांड्यात दोन मिक्सर, एक टेबल फॅन आणि अंबूबाईंचा टेपरेकॉर्डर तपासणीसाठी रांगेत उभे होते. गल्लीची वीज वाचवायच्या नादात सगळ्या गल्लीची वीज आपल्याच मीटरवर पडतेय, हे तिला अंबूबाईंच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला उमगलं. एक बाजू अंबूबाईंनी भजनं ऐकत आधीच संपवली होती.

सगळ्यात थक्क केलं ते समोरच्या बाबासो काकांनी. त्यांच्याकडं टीव्ही, फ्रीज, हीटर, पाण्याची मोटर, शिवाय अंगणात मोठा दिवा. आणि महिन्याची युनिटं एकोणीस! अक्षता वही घेऊन शिकायलाच गेली.

"काका, तुम्ही हे कसं जमवता?"

बाबासो काकांनी एकदा तिच्याकडं आणि एकदा वहीकडं पाहिलं. "काटकसर," ते म्हणाले. "आमच्या वडलापास्नं हाय ती. उगंच बटन दाबायचं न्हाई."

"पण हीटर?"

"लांबनं वापरायचा." काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या.

अक्षतानं घरी येऊन वहीत लिहिलं, 'बाबासो काकांची काटकसर. सविस्तर अभ्यास करणे.' ते वाचून कृष्णातच्या नाकातून चहा आला.

"अगं, त्यांच्या छपरावरनं लाईटच्या खांबाकडं काय लोंबतंय, बघितलंस का?"

"वेल आहे ना? कारल्याचा?"

"आकडा हाय त्यो! वायरीला वाकवून तारेवर टाकलाय. मीटरला पत्त्याच न्हाई. सगळ्या गल्लीला म्हाईत हाय, तुलाच तेवढं कारलं दिसतंय."

अक्षताचा पडलेला चेहरा बघून त्याला वाईट वाटलं असावं. कारण त्यानंच सुचवलं, की आपला मीटर फास्ट पळत नाही ना, हे एकदा लाईटच्या ऑफिसात विचारून ये. मोनाला आत्तींकडं देऊन ती शुक्रवारी दुपारी गेली. खिडकीमागच्या कारकुनांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. तीन प्रकारचे कागद पुढं ठेवले. मीटर बंद आहे, मीटर जळाला आहे, मीटर चोरीस गेला आहे.

"आपला कंचा?"

"यातलं काहीच नाही हो. मीटर चालू आहे."

"मग तक्रार काय?"

"तक्रार नाही. तो बरोबर चालतो का, आणि छप्पन्न युनिटं कुठं जातात, ते फक्त समजून घ्यायचं आहे."

कारकून बराच वेळ कपाट शोधत होते. मग प्रामाणिकपणे परत येऊन म्हणाले, "समजून घ्यायचा फॉर्म न्हाई बाई आपल्याकडं. कधी कुनी मागितलाच न्हाई."

मागं रांगेतले लोक हसले. बाहेर येऊन छत्री उघडताना अक्षताचे कान तापले होते. मीटरवर लावले असते, तर त्यांचेही दोन-चार फेरे पडले असते.

शनिवार कोरडा गेला, म्हणजे पाऊस पडतच होता, पण वहीत नवीन काही आलं नाही. छप्पन्न युनिटं छप्पन्नच राहिली. मोना मात्र मजेत होती. महिनाभर खोकला नव्हता, छाती स्वच्छ होती, आणि त्याचं श्रेय आत्ती आपल्या अडुळशाच्या काढ्याला देऊन बसल्या होत्या.

रविवारी दहाला हंबीररावांचा टेम्पो फाटकात आला. बरोबर दोर, ताडपत्री आणि ड्रायव्हर. त्यांच्या पाठोपाठ सायकलवरून खाकी शर्टातला एक माणूस आला, खांद्याला पक्कड आणि टेस्टरची पिशवी.

"मी ज्ञानू, लायनमन. समजून घ्यायचा फॉर्म मागनाऱ्या बाई हितंच ऱ्हात्यात न्हवं? आमच्या ऑफिसात परवापास्नं त्योच इषय चाललाय. बावीस वर्सं खांबावर चढतोय, बिल कमी करून द्या म्हननारं रोज भेटत्यात. समजून सांगा म्हननारं कोन हाय ते बघावं म्हनलं. सुट्टीच हाय आज."

लायनमन गल्लीत शिरल्याबरोबर बाबासो काका भर पावसात छपरावर पन्हळ साफ करताना दिसले. घटकाभरात कारल्याचा वेल नाहीसा झाला आणि त्यांच्या घरातला टीव्ही गाता गाता मध्येच गप्प झाला.

ज्ञानूनं आपल्याबरोबरचा शंभराचा दिवा लावून घड्याळात बघत फेरे मोजले, अक्षताची वही मागून घेतली, पानं उलटली. "बाई, बरोबर काढलंय की सगळं. मीटर तुमचा राजा हरिश्चंद्र हाय. एक फेरा इकडं तिकडं न्हाई."

"म्हंजे मशीनच!" आत्ती म्हणाल्या.

"सोपं हाय," हंबीरराव पुढं झाले. प्रत्येक गोष्ट त्यांना सोपी वाटे, कारण करायची दुसऱ्यांनी असे. "मशीन टेम्पोत चढवा. घरातली सगळी बटनं बंद करा. चकती थांबली, की समजायचं, चोर टेम्पोत हाय."

त्यांना मशीन टेम्पोत जायला हवं होतं, चकतीशी देणं-घेणं नव्हतं; पण गल्लीला हा न्याय पटला. कृष्णात आणि ड्रायव्हरनं मशीन उचललं. मोरीपासून फाटकापर्यंत ते जात असताना अक्षता मोनाला घट्ट धरून बघत राहिली. ताडपत्री पडली. सगळी बटणं बंद झाली; फ्रीजचं बटण नियमाप्रमाणं कुणी त्यात धरलंच नाही. देवघरातला लाल दिवासुद्धा आत्तींनी नमस्कार करून विझवला. व्हरांड्यात पंधरा डोकी काचेसमोर दाटली.

काळी खूण काचेच्या कडेनं आली, समोरून गेली, पंचवीस सेकंदांनी परत आली.

"फिरालीय की!" झुंबरबाई ओरडल्या. "मशीन तर टेम्पोत हाय!"

आरोपी शंभर टक्के घराबाहेर असताना घरात चोरी चालू होती. अक्षतानं आनंदानं मोनाला उंच उचललं. तो आनंद फार वेळ टिकला नाही. ज्ञानूनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि कान दिला.

"आत काय तरी गुरगुरतंय."

"फ्रीज आहे तो," अक्षता म्हणाली. "थांबेल आता. थोडा वेळ चालतो, दुप्पट थांबतो."

सगळे थांबले. पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. हंबीररावांचा चहा झाला. फ्रीज काही थांबला नाही. ज्ञानू स्वयंपाकघरात गेला, फ्रीजवर हात ठेवला, कृष्णातला म्हणाला, "पावणं, जरा पुढं वढा हे."

आणि त्या क्षणी, तो ओढला जायच्या आधीच, अक्षताला सगळं समजलं. फॉर्म न भरता.

फ्रीजच्या मागच्या काळ्या जाळीवर अकरा लंगोट, दोन दुपटी आणि एक पिवळं झबलं ओळीनं अडकवलेलं होतं. चिमटे लावून. नीट, घडी मोडून.

ती तिचीच युक्ती होती. मशीन पिळून देई, तरी कापड जरा दमट राहीच. आणि एकदा खाली पडलेला चमचा काढताना तिला फ्रीजची पाठ उबदार लागली होती. आत्ती देवपूजेला बसल्या, की ती तिथं कपडे सरकवी आणि त्यांच्या दुपारच्या झोपेत वाळलेले काढून दुसरे अडकवी. आतमध्ये देवाचं विरजण आणि मागं लंगोट, हे आत्तींना कळलं असतं तर घरात काय झालं असतं, याचा विचारही तिनं केला नव्हता.

"ह्या जाळीतनं फ्रीज आतली गरमी भाईर टाकतोय बाई," ज्ञानू हलक्या आवाजात सांगत होता. त्याला तिची दया आली असावी. "तुमी त्याला वाकळ पांघरलीसा. गरमी जायला जागाच न्हाई. मोटर रातध्याड पळालीय बिचारी. दिवसाला दोन युनिटं जादा म्हना की."

दोन गुणिले तीस साठ. छप्पन्नाच्या किती जवळ! एवढ्या फजितीतही हिशेब जुळल्याचं समाधान तिला वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली. चार दिवस ती आत्तींचं गरम पाणी मोजत होती, देवाचा दिवा मोजत होती, झुंबरबाईंची चटणी मोजत होती.

"वहिनी!" हंबीरराव मांडीवर थाप मारून हसले. "चोरालाच कंदील दिल्याला की हो तपासाला! बरं झालं, छडा लागला. आनि काय म्हनलासा, मशीनला सातच युनिटं पडत्यात? मग तर झ्याक झालं. कमी खानारं जनावर कोन सोडतंय? चल रं, गाडी काढ."

ड्रायव्हरनं टेम्पो सुरू केला. मशीन निर्दोष असल्याचा पुरावा अक्षतानंच दिला होता, आणि बोलायचा हक्क त्या जाळीवर लोंबत होता. तिनं कृष्णातकडं पाहिलं. तो चपला शोधत होता.

आत्ती फ्रीजच्या मागं गेल्या. एक चिमटा काढला, लंगोट हातात घेतला आणि गालाला लावून बघितला. मग दुसरा. मग पिवळं झबलं.

"कवापास्नं घालतीस हितं?"

"जुलै लागल्यापासनं," अक्षता खाली बघत म्हणाली.

"म्हंजे पोरीचा खोकला गेला तवापास्नं."

अक्षतानं मान हलवली.

"आनि मी सगळ्या गावाला सांगत सुटलोय, माझा काढा लागू पडला म्हनून." आत्तींनी झबल्याची घडी घातली. "विरजान बाटवलंस माझं. ते मागनं बघतो मी." मग त्या दारात गेल्या आणि टेम्पोकडं बघून म्हणाल्या, "हंबीरराव, मशीन उतरवा."

"असं कसं आत्ती? शब्द दिलाय कृष्णातनं. आनि मी एवढ्या लांबनं, पावसातनं..."

"उतरवा म्हनतोय न्हवं. फ्रीजमागं आता काय वाळत घालायचं न्हाई, शेगडीवर बांबूचं डालगं पालथं टाकून वाळवू. पन शेगडीवर घालायचं तर आधी करकचून पिळाय पायजे. त्ये कुनी पिळायचं? तुमी येनार हायसा व्हय मुरगूडास्नं, रोज सकाळी वीस लंगोट पिळाय?"

जावयाला असं बोललेलं त्या गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं. आधी झुंबरबाई हसल्या, मग ज्ञानू, मग छपरावरून बाबासो काकाही. हंबीररावांनी उभ्या जागी आपले दोन्ही हात निरखून पाहिले, जणू खरंच विचार करत होते. मग त्यांनी ड्रायव्हरला टेम्पो बंद करायला सांगितला. उतरवताना मशीनचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं. कृष्णातला चप्पल सापडली होती. ती घालून तो दुसऱ्या टोकाला धावला.

जेवणं झाली, पाहुणे गेले, गल्ली पांगली. फ्रीज भिंतीपासून हातभर पुढं, उघड्या पाठीनं उभा होता. दुपारी अक्षता मशीन लावायला उठली आणि तेवढ्यात घरात एकदम विचित्र शांतता झाली. आत्ती झोपेतून दचकून उठल्या.

"काय बंद पडलं गं? मेला का काय फ्रीज?"

"नाही आत्ती. मोटर थांबलीय. विसावा घेतोय."

दोघी व्हरांड्यात आल्या. देवघरातला लाल दिवा सकाळपासनं परत लावायचा राहूनच गेला होता, आणि काचेमागं चकती उभी होती. काळी खूण अगदी समोर, जागच्या जागी. महिनाभरात पहिल्यांदा. किती वेळ थांबते ते बघायला अक्षतानं घड्याळाकडं मान वळवली, तर आत्तींनी भिंतीकडचा पाट ओढून पुढं केला, आणि मोनाला मांडीवर घेऊन स्वतः शेजारी खाली टेकल्या.

"मोजशील मागनं," त्या म्हणाल्या. "त्यो थांबलाय तवर आपन बी बसूया की जरा."